नकाशा काढला कोणी?

मुलुंडला ताईकडे शनिवारी जेवणं आटोपल्यावर टीव्हीवर हॅरी पॉटरचा तिसरा पिक्चर लागला. भाची नववीत आहे. तिचे आठही पिक्चर तोंडपाठ, पण पुस्तक एकही उघडलेलं नाही. दाजींनी हे सगळं हिंदी डबिंगमधून, तुकड्यातुकड्यांत पाहिलेलं. आणि ताई म्हणजे कॉलेजात असल्यापासून पुस्तकांची पारायणं करणारी. पिक्चर लागला की ती ओट्यापाशी उभी राहून नुसता ऐकते. समोर बसलं की चिडचिड होते, म्हणते.

जादूच्या शाळेतले ल्यूपिन सर दुसऱ्या एका सरांनी हॅरीकडून जप्त केलेला तो जुनाट कागद ताब्यात घेतात आणि मग हा नकाशा आहे हे आपल्याला माहीत असल्याचं हॅरीला सांगतात, तो प्रसंग चालू होता.

"मामा, पण सरांना कसं माहीत? बघणाऱ्याला तर नुसता कोरा कागद दिसतो."

ओट्याकडून ताईचा आवाज आला, "कारण तो काढणाऱ्यांतले एक तेच आहेत!"

"हे कुठे दाखवलंय?"

"नाहीच दाखवलंय. तेच तर म्हणतेय मी वीस वर्षं."

"नाही दाखवलं तर काय बिघडलं?" दाजी म्हणाले. "आठातला सगळ्यात भारी पिक्चर हाच आहे."

पुढची पंधरा मिनिटं पिक्चर कोणीच पाहिला नाही.

हे भांडण मुलुंडपुरतं नाही. कादंबरीवरून अद्भुतपट निघाला की जगभर हेच होतं, आणि तिसऱ्या पॉटरच्या बाबतीत जरा जास्तच झालं. अल्फोन्सो क्वारोननं दिग्दर्शित केलेला हा 2004 चा पिक्चर आठांत सर्वांत कमी गल्ला जमवणारा, आणि तरीही अनेक समीक्षकांच्या यादीत सर्वांत वरचा. पुस्तकवाल्यांपैकी कित्येकांना तो नकोसा, पिक्चरवाल्यांना तोच हवासा. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की ही आवडीनिवडीची गोष्ट आहे, सोडून द्या. पण जरा उकलून पाहिलं तर या भांडणाला बरंच तर्कशास्त्र आहे. गंमत अशी की भांडणारे बहुतेक वेळा एकाच प्रश्नाला वेगळी उत्तरं देत नसतात, वेगवेगळ्या प्रश्नांना उत्तरं देत असतात.

आधी गणित उरकून घेऊ.

पटकथेचा ढोबळ हिशेब असा असतो की कागदावरचं एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट. तिसरा पिक्चर 142 मिनिटांचा. मूळ पुस्तक लाखाच्या वर शब्दांचं. मिनिटाला दीडशे शब्द या वेगानं मोठ्यानं वाचायला बसलात तर साधारण बारा तास लागतील. म्हणजे बारा तासांचं सव्वादोन-अडीच तासांत बसवायचं. गर्दीच्या वेळी दादरला चढणाऱ्यांना ठाऊक आहे, सगळे आत जात नाहीत. कोणीतरी फलाटावर राहतंच.

पण प्रत्येक तक्रार या गणितात बसत नाही. मालिकेतलं सर्वांत जाडजूड पुस्तक पाचवं, सुमारे अडीच लाख शब्दांचं. त्याचा पिक्चर 138 मिनिटांचा, म्हणजे तिसऱ्याहूनही चार मिनिटं कमी. याउलट टोल्कीनचं 'द हॉबिट' हे लहान मुलांसाठी लिहिलेलं, लाखाच्या आतलं पुस्तक. त्याचे 2012 ते 2014 या काळात तीन पिक्चर निघाले आणि तिन्ही मिळून जवळपास आठ तास झाले. पहिल्या बाबतीत चाहते ओरडले की सगळं कापलं, दुसऱ्या बाबतीत ओरडले की पाणी घातलं. थोडक्यात, जागा कमी पडली हे कारण अर्धंच खरं. काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे कोणीतरी निवडतं, आणि चाहता चिडतो तो त्या निवडीवर.

ताईचा इथे एक किस्सा सांगायलाच हवा. तिसरं पुस्तक तिनं पहिल्यांदा वाचलं ते फोर्टातल्या फुटपाथवरून घेतलेल्या स्वस्तातल्या प्रतीत. तेव्हा या शहरात सिग्नलवर आणि फुटपाथवर असल्या प्रती सर्रास मिळायच्या, पुसट छपाईच्या, वास मारणाऱ्या. तिच्या प्रतीत मधला एक फर्माच नव्हता. सोळा पानं गायब. ती म्हणते, क्विडिचचा, म्हणजे झाडूवर बसून खेळायच्या त्या जादूगारांच्या खेळाचा, एक सामना अर्ध्यात थांबला आणि एकदम पुढच्या प्रकरणातलं भांडण सुरू झालं. तिनं खांदे उडवले आणि पुढे वाचत गेली. काही अडलं नाही. पुढे चांगली प्रत घेतली तेव्हा ती सोळा पानं तिनं बक्षीस मिळाल्यासारखी वाचली.

शनिवारी मी तिला हेच विचारलं, की छापखान्यानं सोळा पानं गाळली ती तुला चालली, मग दिग्दर्शकानं गाळलेली का चालत नाहीत? त्यावर तिनं दिलेलं उत्तर या सगळ्या विषयाची किल्ली आहे असं मला वाटतं. ती म्हणाली, "त्या सोळा पानांवर पुढचं काही टेकलेलं नव्हतं."

आता नकाशावर काय टेकलेलं आहे ते पाहू. ज्यांनी काहीच वाचलेलं-पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. शाळेत कोण कुठे आहे हे हलत्या ठिपक्यांनी दाखवणारा हा जादूचा नकाशा. त्यावर काढणाऱ्यांची चार टोपणनावं आहेत, आणि पुस्तकात या चार नावांचंच शीर्षक असलेलं एक अख्खं प्रकरण आहे. ते चौघे पूर्वी याच शाळेतले जिगरी दोस्त. त्यांतला एक, म्हणजे आताचे ल्यूपिन सर, दर पौर्णिमेला लांडगा होतो. माणसाला त्याच्याजवळ थांबणं धोक्याचं, पण जनावराला तसं नाही. म्हणून उरलेल्या तिघांनी चोरून प्राण्याचं रूप घ्यायची विद्या शिकून घेतली, मित्र त्या रात्री एकटा पडू नये म्हणून. त्या तिघांतला एक हॅरीचा बाप. तो मोठ्या शिंगांचं हरीण व्हायचा. शेवटी तळ्याकाठी हॅरीच्या कांडीतून उजेडाचा रक्षक प्राणी बाहेर पडतो तो हरीणच असतो. बाप मेलेला आहे, पण पोराला वाचवायला आला तो एका अर्थी बापच.

पिक्चरमध्ये हरीण आहे. टोपणनावंही आहेत. फक्त नावांपासून हरणापर्यंत जाणारा धागा कापलेला आहे. भाचीला हरीण सुंदर दिसलं, डोळ्यांत पाणीही आलं. पण हरीणच का, हत्ती का नाही, हा प्रश्न तिला आठ-दहा वेळा पाहूनही पडला नव्हता, कारण तो पडायला आधी काहीतरी माहीत असावं लागतं.

इथे अद्भुतकथेचा स्वभाव समजून घ्यायला हवा. गिरगावातल्या चाळीवरची कादंबरी पडद्यावर आणताना सामाईक गॅलरी, सकाळचा नळ, शेजारच्या बिऱ्हाडातला रेडिओ यांतलं काही राहून गेलं तरी प्रेक्षक ते स्वतःच्या पदरचं घालतो. चाळ त्याला माहीत आहे. निदान ऐकून तरी आहे. पण जादूच्या जगात प्रेक्षकाच्या पदरी काहीच नसतं. तिथे पाणी वर वाहतं की खाली हेसुद्धा लेखकानं सांगितल्याशिवाय कळत नाही. म्हणून अद्भुतकथा वाचणारा नकळत नियम पाठ करत जातो. कोणाला काय करता येतं, कशाची बंदी आहे, आणि मुख्य म्हणजे जादूची किंमत काय मोजावी लागते. जादू फुकट असेल तर गोष्टच उरत नाही, पात्रांनी कांडी फिरवली की सगळं मिटलं. किंमत आहे म्हणून कथा आहे. चाहत्याच्या डोक्यात हे नियमांचं पुस्तक असतं आणि पिक्चर बघताना तो ते उघडून बसलेला असतो, पंचासारखा.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. 2018 चा 'तुंबाड' नारायण धारपांच्या कथेवरून सुचलेला. धारप वाचत वाढलेल्यांच्या गोष्टी आणि पडद्यावरचा पसारा यांत भरपूर अंतर आहे, तरी "धारपांचं वाटोळं केलं" असं म्हणणारा मला आजवर भेटलेला नाही. एक कारण उघड आहे. बीज छोटं होतं, झाड मोठं झालं. कापण्यासारखं काही नव्हतंच. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या पिक्चरनं आपले नियम घातले आणि शेवटपर्यंत पाळले. हस्तर नावाच्या शापित देवाला पिठाची बाहुली द्यायची, तो खाण्यात गुंतला की मुद्रा ओढायच्या, रिंगणाबाहेर पडायचं नाही. लोभ वाढवलास तर हिशेब चुकता होणार. सगळं डोळ्यांसमोर मांडून ठेवलेलं. 2024 मध्ये तो पुन्हा थेटरांत लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावून गेला.

तर माझी कसोटी साधी आहे, ताईच्याच वाक्यावरून घेतलेली. गाळलेल्या गोष्टीवर पुढचं काही टेकलेलं आहे का? क्विडिचचा करंडक गाळला, त्यावर काही टेकलेलं नव्हतं, सोडून द्या. नकाशाचा धागा गाळला, त्यावर हरीण टेकलेलं होतं, तेव्हा इथे ताई बरोबर. पण मग ती कपड्यांवर येते. आधीच्या दोन पिक्चरांत पोरं कायम शाळेच्या झग्यांत, तिसऱ्यात जीन्स घालून हिंडतात, टाय सैल, शर्ट बाहेर. "ही काय जादूची शाळा वाटते?" तर ताई, हो, वाटते. तेरा वर्षांची मुलं अशीच दिसतात, तुझी पोरगी बघ. झग्यावर काहीही टेकलेलं नाही. इथे ती चूक, असं मी तिच्या घरात बसून, तिच्या हातचा श्रीखंडाचा वाडगा हातात धरून सांगितलं.

आता दाजींची बाजू. ती कोणी नीट मांडत नाही, कारण पिक्चरवाल्यांना आपली बाजू शब्दांत सांगायची सवय नसते. ते "भारी आहे" म्हणून थांबतात.

पुस्तकात डिमेंटर नावाचे ते काळे प्राणी जवळ आले की काय होतं हे लेखिका आतून सांगते. गारठा, सगळं सुख आटून गेल्याची भावना, हॅरीला ऐकू येणारी आईची किंकाळी. कॅमेऱ्याला आत शिरता येत नाही. त्याला फक्त बाहेरचं दिसतं. मग रेल्वेच्या डब्यातला तो प्रसंग क्वारोननं कसा केला? खिडकीच्या काचेवर बर्फाची नक्षी सरकत येते. पाण्याची बाटली गोठत जाते. तोंडातून वाफ निघू लागते. दार उघडायच्या आधीच आपल्याला कळलेलं असतं की बाहेर जे आहे ते नुसतं भीतिदायक नाही, ते ऊब पिऊन टाकणारं आहे. पानभर वर्णनाचं काम एका बाटलीनं केलं. हेही रूपांतरच, आणि माझ्या मते पुस्तकाशी इमान राखणारं.

तसंच ते मारकुटं झाड. पुस्तकात ऋतू सरले हे लेखिका एका वाक्यात सांगून मोकळी होते. पिक्चरमध्ये झाड अंगावरचा बर्फ कुत्र्यासारखं झटकतं आणि आपण पुढच्या ऋतूत असतो. शाळेच्या आवारात घड्याळाचा प्रचंड लंबक हलत राहतो. कथेच्या शेवटी काळ मागे फिरवायचा आहे, त्याची तयारी दिग्दर्शक दीड तास आधीपासून करतो, एक शब्द न बोलता. दाजींना हे असं सांगता येत नाही, पण त्यांना ते जाणवतं. म्हणून "भारी".

म्हणजे ताई विचारतेय, कारणांची साखळी शाबूत आहे का? दाजी विचारतायत, त्या जगात मी दोन तास राहिलो का? दोघांनाही वाटतं की आपण "पिक्चर चांगला आहे का" याच प्रश्नावर बोलतोय.

माझं पोट डबिंगवर चालतं, अंधेरीत. परदेशी मालिकांचे संवाद मराठीत लिहितो. त्यामुळे हा पेच माझ्या रोजच्या टेबलावरचा आहे. समजा पडद्यावर चेहरा जवळून आहे आणि पात्र इंग्रजीत "मेबी" म्हणतं. अर्थ "कदाचित". पण "मेबी" म्हणताना ओठ दोनदा मिटतात आणि "कदाचित" म्हणताना एकदाही नाही. कलाकारानं कितीही जीव ओतला तरी ते खोटं दिसणार. म्हणून मी लिहितो "बहुतेक". ब ला ओठ मिटतात, एकदा तरी मिटतात, भागून जातं. आता "बहुतेक" आणि "कदाचित" यांत फरक आहे. "बहुतेक"मध्ये खात्री जास्त. म्हणजे ओठांशी इमान राखायला मी अर्थाशी थोडी गद्दारी केली. पाठमोरं पात्र असतं तर उलट केलं असतं. निष्ठा एक नसते, दोन-तीन असतात, आणि त्या एकमेकींच्या आड येतात. पटकथाकाराचंही तसंच, फक्त त्याच्या चुकीवर जगभरातून शिव्या येतात आणि माझ्यावर फक्त स्टुडिओतले लोक वैतागतात.

चेहऱ्यांचं प्रकरण जास्त नाजूक. पुस्तकातलं पात्र कसं दिसतं हे लेखक अर्धंच सांगतो, उरलेलं आपण भरतो. आणि ते भरलेलं आपल्याला इतकं खरं वाटतं की पडद्यावरचा नट तोतया वाटतो. सुहास शिरवळकरांच्या 'दुनियादारी'वर 2013 मध्ये पिक्चर आला तेव्हा थेटरं भरून वाहत होती आणि त्याच वेळी पुस्तकाची पारायणं केलेले "हा आमचा दिग्या नव्हे, हा शेवट आमचा नव्हे" म्हणून कुरकुरत होते. त्यात जादू नव्हती तरी हे झालं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे शाळकरी पोरगा, 2017 च्या पिक्चरमध्ये तो तरुण झाला. पर्सी जॅक्सनचंही तसंच. पुस्तकात 12 वर्षांचा, 2010 च्या पिक्चरमध्ये मिसरूड फुटायच्या वयाचा. चाहत्यांनी ते कधी माफ केलं नाही, आणि 2023 मध्ये मालिका आली तेव्हा पोरगा पुन्हा 12 वर्षांचा झाला. वय वाढवण्यामागे तिकीट घेणाऱ्याचं वय असतं हे सगळ्यांना कळतं. पण बारा वर्षांच्या मुलाला भीती वाटते तशी सोळा वर्षांच्या मुलाला वाटत नाही, आणि गोष्ट त्या भीतीवर उभी असेल तर पाया हलतो.

कधीकधी मात्र चेहऱ्याची तक्रार आवडीची नसून तत्त्वाची असते. अर्सुला ले ग्विनच्या अर्थसी कादंबऱ्यांतला नायक तांबूस-सावळ्या वर्णाचा आहे. ते तिनं मुद्दाम, गाजावाजा न करता केलं होतं. 2004 मध्ये टीव्हीसाठी रूपांतर झालं तेव्हा नायक गोरा होता. तिनं त्यावर जाहीर लेख लिहून नाराजी मांडली. या बदलावर वरवर पाहता कथेतलं काही टेकलेलं नाही, नायक गोरा असला तरी जादू चालतेच. म्हणजे माझी कसोटी इथे तोकडी पडते, हे कबूल करतो. काही गोष्टी कथानकाला नाही तरी वाचणाऱ्याला आधार देत असतात. सावळ्या पोराला पहिल्यांदा पुस्तकात आपल्यासारखा जादूगार भेटला असेल, तर तो बदलणं ही नुसती नटाची निवड राहत नाही.

मग लेखकालाच विचारून टाकावं, तो म्हणेल ते खरं? तेही जमत नाही. मिशाएल एंडे या जर्मन लेखकाच्या 1979 च्या कादंबरीवर 'द नेव्हरएंडिंग स्टोरी' हा पिक्चर 1984 मध्ये निघाला. कादंबरी निम्मीच घेतलेली. एंडेला तो इतका खटकला की तो कोर्टात गेला, आणि हरला. आणि त्याच पिक्चरवर एक अख्खी पिढी जीव टाकते. दुसरीकडे पॉटरची लेखिका रोलिंग हिनं तिसऱ्या पिक्चरचं मनापासून कौतुक केलं, त्यानं ताईचं समाधान झालं का? "तिला काय, तिला नकाशा कोणी काढला ते माहीतच आहे," ती म्हणाली. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कायद्याचं म्हणाल तर आपल्याकडे 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 57 आहे. हक्क विकले तरी, आपल्या कृतीची मोडतोड होऊन नाव खराब होत असेल तर लेखक हरकत घेऊ शकतो. हिंदी लेखिका मन्नू भंडारींनी आपल्या 'आपका बंटी' या कादंबरीवरून निघालेल्या पिक्चरच्या बाबतीत दिल्ली उच्च न्यायालयात हे करून दाखवलं, 1986 मध्ये. पण असं कलम वाचकासाठी नाही. वाचकानं पुस्तकावर वीस वर्षं प्रेम केलं म्हणून त्याला कुठलाही हक्क मिळत नाही, आणि त्यामुळेच बहुधा त्याचा आवाज चढतो.

आणखी एक घटक आहे, ज्याकडे सगळे दुर्लक्ष करतात. आधी काय भेटलं?

फ्रँक बॉमच्या 1900 सालच्या ओझच्या गोष्टीत डोरोथीचे जादूचे बूट चांदीचे आहेत. 1939 च्या पिक्चरमध्ये ते माणकासारखे लालभडक झाले, कारण टेक्निकलर नवं होतं आणि पिवळ्या रस्त्यावर लाल उठून दिसतो. हा बदल निरुपद्रवी. पण त्याच पिक्चरनं दुसरा एक बदल केला. पुस्तकात ओझ हा खरा देश आहे. पिक्चरमध्ये शेवटी ते सगळं स्वप्न ठरतं. नियमांच्या दृष्टीनं याहून मोठी तोडफोड नाही, अख्खं जगच खोटं ठरवलं. तरी आज यावर डोकी फुटत नाहीत, कारण जवळजवळ सगळ्यांना ओझ आधी पडद्यावरच भेटला. जो आधी भेटतो तो खरा, मागाहून येणारा नक्कल. दोघांत उजवं कोण हा प्रश्नच येत नाही.

आणि मुंबईत तर "आधी" हीसुद्धा सरळ गोष्ट नाही. एकाच घरात ताईनं इंग्रजी पुस्तक वाचलं, दाजींनी हिंदी आवाज ऐकले, भाचीनं इंग्रजी पिक्चर उपशीर्षकांसह पाहिले. त्यात आता मराठी अनुवाद. पहिल्या पुस्तकाचं मराठी नाव 'हॅरी पॉटर आणि परीस'. फार गोड निवड आहे, पण बघा हं. आपला परीस लोखंडाला लागला की सोनं होतं, बस्स. तो कोणाला अमर करत नाही. ते काम आपल्याकडे अमृताचं. पॉटरमधला दगड मात्र दोन्ही करतो, आणि कथा खरं तर अमरपणावरच उभी आहे, सोन्यावर नाही. म्हणजे मुखपृष्ठावरच जादूचा नियम थोडा सरकला. त्यावरून एकाही मराठी वाचकानं भांडण काढल्याचं माझ्या कानावर नाही. कारण परीस आपल्या घरचा आहे, त्याची सवय आहे. ताईला हे सांगितलं तर म्हणाली, "ते वेगळं." कसं वेगळं, ते सांगितलं नाही.

नियम सरकला तर वाईट, असं मी वर म्हटलं. आता जोडून एवढंच म्हणतो की नियम सरकला हे कळायला आधी तो आपला वाटलेला असावा लागतो.

चौथ्या पिक्चरमधला एक क्षण मात्र तिन्ही गटांना एकत्र आणतो. स्पर्धेच्या चषकातून हॅरीचं नाव अनपेक्षितपणे निघतं. पुस्तकात शाळेचे मुख्याध्यापक डम्बलडोर त्याला विचारतात, नाव तू टाकलंस का, आणि लेखिका स्पष्ट लिहिते की त्यांनी शांतपणे विचारलं. 2005 च्या पिक्चरमध्ये ते तावातावानं धावत येऊन पोराला धरतात. शब्द जवळपास तेच, माणूस वेगळा. यात ना मिनिटं वाचली ना काही कळायला सोपं झालं. यावर ताई चिडते, दाजी हसतात, भाचीनं तर त्याची नक्कल बसवली आहे. टोपाच्या झाकणाची ढाल करून ती स्वयंपाकघरातून धावत येते.

रविवारी सकाळी ती माझ्याबरोबर स्टेशनपर्यंत आली आणि येताना जवळच्या वाचनालयातून तिसऱ्या पुस्तकाची मराठी प्रत घेऊन गेली. "आता बघतेच कोण बरोबर आहे ते." मुखपृष्ठाला चिकटपट्टी, आत कोणीतरी पेन्सिलनं अवघड नावांचे उच्चार लिहिलेले.

मंगळवारी रात्री तिचा मेसेज आला. मला वाटलं नकाशापर्यंत पोचली. नाही, अजून बसमध्येच होती, हॅरी घर सोडून पळतो त्या तीन मजली जांभळ्या बसमध्ये. पिक्चरमध्ये त्या बसच्या काचेपाशी एक वाळकं मुंडकं लोंबकळत असतं आणि ते अखंड बडबडत असतं. ते पिक्चरवाल्यांनी आपल्या पदरचं घातलेलं आहे.

"मामा, पुस्तकात ते बोलणारं मुंडकं नाहीच्चे! एवढं भारी होतं ते. का काढलं?"